दिल्लीतील नोव्हेंबर २०२० : ‘७१ वर्षांतील सर्वांत थंड’ म्हणजे नेमके काय?

धागाकर्ता : यमुनाकाठ

भारतीय हवामानशास्त्र विभागाने दिल्लीतील सफदरजंग या हवामान केंद्राचे नोव्हेंबरचे आकडे जाहीर केले आहेत. महिन्याचे सरासरी किमान तापमान १०.२ अंश सेल्सिअस भरले. नोव्हेंबरची नेहमीची सरासरी १२.९ अंश असल्यामुळे ही घट २.७ अंशांची आहे. यापूर्वी इतका खालचा आकडा १९४९ मध्ये नोंदला गेला होता आणि तोही १०.२ हाच होता. हे आकडे आल्यापासून ‘७१ वर्षांतील सर्वांत थंड नोव्हेंबर’ हे वाक्य वृत्तपत्रांतून आणि येथील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून इतके फिरत आहे की, त्यात नेमके काय मोजले गेले हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

माझे म्हणणे असे की, वाक्य खरे आहे. पण ते वाचून डोळ्यांपुढे जी थंडी उभी राहते, त्या प्रकारची थंडी या महिन्यात पडलीच नाही. महिन्यातील सर्वांत थंड पहाट २३ तारखेची होती आणि त्या दिवशी किमान तापमान ६.३ अंश होते. नोव्हेंबर २००३ मध्ये याच केंद्रावर ६.१ अंशांची नोंद आहे. म्हणजे केवळ सतरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातही याहून थंड रात्र दिल्लीने पाहिली होती. नोव्हेंबरमधील सर्वांत खालची नोंद तर २८ नोव्हेंबर १९३८ ची, ३.९ अंशांची आहे. त्या मानाने यंदाची सर्वांत थंड रात्र २.४ अंशांनी उबदारच म्हणावी लागेल.

मग सरासरी एवढी खाली कशी गेली? थंडीच्या खोलीपेक्षा (पारा किती उतरला यापेक्षा) तिची चिकाटी मोठी होती, हेच याचे उत्तर आहे. एरवी नोव्हेंबरात एखाद-दुसरा पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, ढग आणि पाऊस आणणारी वाऱ्यांची प्रणाली) येतो, आकाश ढगाळते, दोन-तीन रात्री उबदार जातात आणि महिन्याची सरासरी वर उचलली जाते. यंदा पहिला पंधरवडा जवळजवळ पूर्ण कोरडा आणि निरभ्र गेला. ढगांचे आवरण नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशात सोडते आणि वारा मंद असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, हलका पाऊस झाला आणि हिमालयात बर्फ पडले. त्यानंतर आकाश पुन्हा मोकळे झाले, वायव्येचे वारे सुरू झाले आणि २० तारखेपासून पारा आणखी उतरला. पहिल्या पंधरवड्यात विक्षोभ नसल्यामुळे थंडी टिकली आणि दुसऱ्यात एक विक्षोभ येऊन गेल्यामुळे ती वाढली. या दोन निराळ्या गोष्टी बातम्यांत एकाच वाक्यात कोंबल्या गेल्या आहेत.

आणखी एक मुद्दा आहे. ऑक्टोबरचे सरासरी किमान तापमानही १७.२ अंश होते. त्या महिन्याची नेहमीची सरासरी १९.१ अंश असून, याहून थंड ऑक्टोबर १९६२ मध्ये (१६.९ अंश) झाला होता. लागोपाठ दोन महिने अनेक दशकांच्या तळाशी जावेत, हे मला ६.३ या आकड्यापेक्षा अधिक लक्षणीय वाटते.

---

प्रतिसाद : शंकेखोर

लेख आवडला, पण दोन शंका आहेत. पहिली अशी की, १९४९ चा आकडाही १०.२ असेल तर यंदाचा महिना ७१ वर्षांतील ‘सर्वांत’ थंड न म्हणता १९४९ च्या बरोबरीचा म्हणायला हवा. दुसरी शंका अनुभवाची आहे. आमच्या सोसायटीत रजया, गरम कपडे आणि हीटर ऑक्टोबरअखेरीसच बाहेर निघाले आणि जो तो ‘अशी थंडी आजवर पाहिली नाही’ असे म्हणत होता. लोकांची ही भावना आपण अगदीच खोटी ठरवणार का?

---

यमुनाकाठ

@शंकेखोर, पहिला आक्षेप मान्य आहे. बातमीचा काटेकोर अर्थ ‘१९४९ नंतर इतका थंड नोव्हेंबर झाला नाही’ एवढाच आहे. त्याआधीचे अधिक थंड नोव्हेंबर पाहायचे तर १९३८ मध्ये ९.६, १९३१ मध्ये ९.० आणि १९३० मध्ये ८.९ अशा सरासऱ्या आहेत. म्हणजे नऊ वर्षांच्या अवधीत तीन नोव्हेंबर यंदाच्यापेक्षा थंड होते, आणि पुढच्या आठ दशकांत एकही नव्हता. १९३० च्या दशकाबद्दल पुण्याच्या जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

दुसऱ्या शंकेबद्दल सांगायचे तर भावना खोटी नाही, तिचा संदर्भबिंदू निराळा आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये हीच सरासरी १२.८ होती, २०१८ मध्ये १३.४ आणि गेल्या वर्षी तर १५. हवामान विभाग यंदाच्या महिन्याची तुलना तीस वर्षांच्या सरासरीशी करतो आणि त्याला २.७ अंशांची घट दिसते. आपले शरीर मात्र गेल्या वर्षीशी तुलना करते आणि त्याला जवळजवळ पाच अंशांची घट जाणवते. त्यातच थंडी लवकर आली. डिसेंबरच्या शेवटी ६ अंशांना कोणी बातमी म्हणणार नाही. नोव्हेंबरात अंगाला त्याची सवय झालेली नसते.

---

प्रतिसाद : सिमला ऑफिसच्या शेजारी

मला बोलावणे आलेच आहे तर थोडे सविस्तर लिहितो. माझे सदस्यनाम पाहून बाहेरगावचे लोक बुचकळ्यात पडतात, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आम्ही पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतो. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण हवामानाच्या जुन्या नोंदींचे राष्ट्रीय भांडार पुण्यातच आहे.

आता मोजणीबद्दल. किमान तापमान म्हणजे पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेल्या तापमापकाने सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत दाखवलेला सर्वांत खालचा आकडा. ही पेटी मोकळ्या, गवताळ जागेत असते. आपल्या गच्चीवरचा, खिडकीबाहेरचा किंवा मोटारीच्या काचेसमोर दिसणारा आकडा याच्याशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. उलट गवताच्या पात्यांजवळचे तापमान निरभ्र रात्री पेटीतल्या आकड्यापेक्षा काही अंशांनी कमी असू शकते, आणि त्यामुळेच पेटीत दोन-तीन अंश असतानाही शेतात दहिवर दिसते.

‘थंडीची लाट’ या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असले पाहिजे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली असले पाहिजे. ही घट ६.४ अंशांहून अधिक झाली तर लाट तीव्र ठरते. पारा ४ अंशांपर्यंत उतरला तर सरासरीशी तुलना न करताही लाट मानतात. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंशांची मर्यादा आहे. दिल्लीत २३ तारखेला हे निकष पूर्ण झाले, कारण नोव्हेंबरच्या त्या आठवड्याची सरासरी अजून बऱ्यापैकी वर असते. तेच ६.३ अंश जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आले असते तर लाट ठरली नसती. हा निकष थंडीचे अवेळीपण मोजतो, आणि धागाकर्त्यांच्या मुद्द्याला त्यामुळे बळच मिळते.

१९३० च्या दशकाबाबत मात्र सावधगिरी बाळगावी. फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. त्या वर्षीच्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ३६ हजार होती; २०११ मध्ये ती १ कोटी ६७ लाखांवर गेली. डांबर, काँक्रीट आणि इमारती दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. शहराचा हा परिणाम कमाल तापमानापेक्षा किमान तापमानावर अधिक होतो, आणि आपण येथे चर्चा करतो आहोत ती नेमकी किमान तापमानाची. तेव्हा १९३१ चे ९.० आणि २०२० चे १०.२ यांतील १.२ अंशांचा फरक पुरता हवामानाचा मानता येणार नाही. सभोवती शेते आणि ओसाड माळ असता तर यंदाचा नोव्हेंबर त्या जुन्या आकड्यांच्या किती जवळ गेला असता, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. माझ्या मते ७१ वर्षे हा शब्दप्रयोग या महिन्याला मोठा करण्याऐवजी थोडा लहानच करतो.

---

प्रतिसाद : कुंदेवाडीकर

आमच्या निफाडच्या नावाने दर हिवाळ्यात बातम्या येतात, म्हणून या चर्चेत भाग घेतो. निफाडचा म्हणून जो आकडा छापतात तो बहुधा आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो. चारही बाजूंनी शेते, गोदावरीचे खोरे आणि रात्री खालच्या भागात साचणारी थंड हवा यांमुळे तो नाशिक शहरापेक्षा नेहमीच खाली असतो. तरीही काही जण आजचा निफाडचा आकडा घेतात, नाशिकच्या ७ जानेवारी १९४५ च्या ०.६ अंशांच्या विक्रमाशी त्याची तुलना करतात आणि ‘विक्रम मोडणार’ असे जाहीर करून मोकळे होतात. एका ठिकाणची नोंद त्याच ठिकाणच्या जुन्या नोंदीशीच ताडावी, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या बातम्या आपोआप गळून पडतील.

धागाकर्त्यांनी खोली आणि चिकाटी यांत जो फरक केला आहे, तो आम्हा द्राक्षवाल्यांना अनुभवाने ठाऊक आहे. एखाद्या रात्री पारा खाली आला तर बागेत शेकोट्या पेटवून आणि पहाटे पाणी सोडून वेळ निभावून नेता येते. पण ऑक्टोबर छाटणीनंतर वेल वाढीला लागलेला असताना सलग आठ-दहा रात्री थंड गेल्या, तर वाढ रेंगाळते, भुरी या बुरशीरोगाचा धोका वाढतो आणि काढणी पुढे जाते. तेव्हा शेकोटीचा काही उपयोग नसतो. गव्हाला आणि हरभऱ्याला मात्र हीच थंडी मानवते. एकाच महिन्याच्या आकड्यांवरून शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे मत अगदी उलट असू शकते.

---

प्रतिसाद : मोकळी हवा

एक बाळबोध प्रश्न. दिल्लीत नोव्हेंबरभर धुरके असते. त्याचे पांघरूण रात्री उष्णता अडवून का ठेवत नाही?

---

सिमला ऑफिसच्या शेजारी

@मोकळी हवा, प्रश्न बाळबोध नाही. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता अडवण्याचे काम ढगांतील आणि दाट धुक्यातील जलबिंदू उत्तम करतात. धुराचे अतिसूक्ष्म कण त्या कामी फार दुबळे ठरतात. तेच कण दिवसा सूर्यप्रकाश मात्र चांगलाच अडवतात. उलट मंद वारा आणि जमिनीलगत अडकलेली थंड हवा या ज्या स्थितीमुळे रात्री गारठतात, त्याच स्थितीमुळे धूरही वर जात नाही. म्हणून थंड रात्र आणि वाईट हवा अनेकदा जोडीने येतात.

धुक्याचा विषय निघालाच आहे तर गेल्या वर्षीचा डिसेंबर आठवावा. ३० डिसेंबर २०१९ ला सफदरजंगचे कमाल तापमान केवळ ९.४ अंश होते आणि १९०१ पासूनच्या नोंदींत डिसेंबरमधील तो सर्वांत थंड दिवस ठरला. ती दिवसाची थंडी होती. खालच्या ढगांनी आणि धुक्याने सूर्य झाकला होता. यंदाच्या नोव्हेंबरची थंडी रात्रीची, निरभ्र आकाशाची आहे आणि दिवसा ऊन पडत होते. दोन्ही बातम्यांत ‘विक्रमी थंडी’ हेच शब्द होते, कारणे मात्र परस्परविरुद्ध होती.

---

प्रतिसाद : लीड्सवासी

इंग्लंडमध्ये मध्य भागाच्या तापमानाची मासिक मालिका १६५९ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे येथे असल्या तुलनांची हौस फार. महिन्याची सरासरी कशी फसवते याचे एक उदाहरण देतो. २८ नोव्हेंबर २०१० रोजी वेल्समधील लिस्डिनम येथे उणे १८.० अंशांची नोंद झाली आणि वेल्समधील नोव्हेंबरचा तो नीचांक ठरला. तरीही मध्य इंग्लंडचा तो नोव्हेंबर सरासरीने १९९३ च्या नोव्हेंबरइतकाही थंड नव्हता, कारण कडाका शेवटच्या आठवड्यात आला आणि आधीचे तीन आठवडे सौम्य गेले होते. तीच थंडी पुढे चालू राहिली आणि डिसेंबर २०१० ची सरासरी उणे ०.७ वर गेली. १८९० च्या उणे ०.८ नंतरचा तो सर्वांत थंड डिसेंबर. दिल्लीत नेमके उलटे झाले आहे. तेथे एकही रात्र विक्रमी नसताना महिना सात दशकांच्या तळाशी गेला.

---

प्रतिसाद : शंकेखोर

आता जो प्रश्न कोणी तरी विचारणारच होते, तो मीच विचारतो. अशी थंडी पडली तर जागतिक तापमानवाढीचे काय?

---

यमुनाकाठ

@शंकेखोर, युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेच्या नोंदींनुसार नोव्हेंबर २०२० हा जगाचा तोवरचा सर्वांत उष्ण नोव्हेंबर ठरला. म्हणजे ज्या महिन्यात दिल्लीने १९४९ ची बरोबरी केली, त्याच महिन्यात पृथ्वीच्या सरासरीने वरचा विक्रम मोडला. दिल्लीचे एक केंद्र आणि सबंध पृथ्वी यांच्या आकड्यांत विरोध असण्याचे कारणच नाही. सफदरजंगच्या एका महिन्यावरून तापमानवाढ खोटी ठरत नाही, तसेच गेल्या वर्षीच्या १५ अंशांवरून ती सिद्धही होत नव्हती.

यंदा प्रशांत महासागरात ‘ला निना’ची (विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची) स्थिती आहे. अशा वर्षी उत्तर भारतात हिवाळा काहीसा अधिक थंड असण्याकडे कल असतो आणि हवामान विभागानेही ऑक्टोबरमध्येच तसे सूचित केले होते. पण तो कल आहे, हमी नाही. एखाद्या विशिष्ट पहाटेचे ६.३ अंश ‘ला निना’च्या खात्यावर टाकणे मला पटत नाही, त्या पहाटेचे श्रेय निरभ्र आकाशाला आणि वायव्येच्या वाऱ्याला द्यावे.

---

प्रतिसाद : कुंदेवाडीकर

दिल्लीत थंडी पडली की दोन दिवसांनी आपल्याकडे येते, असा आमच्या भागात समज आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

---

सिमला ऑफिसच्या शेजारी

@कुंदेवाडीकर, तथ्य आहे, पण नोव्हेंबरपुरते ते कमी आहे. उत्तरेची कोरडी हवा राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश ओलांडून खाली आली तर खानदेश आणि नाशिक प्रथम गारठतात, मग पुणे. मात्र नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात अजून हालचाल चालू असते. यंदाच २५ तारखेच्या रात्री ‘निवार’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. पूर्वेकडून येणारे बाष्प आणि ढग दख्खनवर पोहोचले की रात्री लगेच उबदार होतात, त्यामुळे दिल्लीसारखी सलगता आपल्याला नोव्हेंबरात क्वचितच मिळते. जानेवारीत हा अडसर बराच कमी होतो. सफदरजंगचा आजवरचा नीचांक १६ जानेवारी १९३५ चा, उणे ०.६ अंशांचा आहे. पुण्याचा नीचांक त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा, १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंशांचा आहे. थंड हवा उत्तरेकडून खाली कशी उतरते याचा याहून नेटका पुरावा मला तरी माहीत नाही.

---

यमुनाकाठ

(धागा वर काढत आहे.) नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी, १ जानेवारी २०२१ रोजी, सफदरजंगला १.१ अंशांची नोंद झाली. ८ जानेवारी २००६ च्या ०.२ अंशांनंतरचा हा जानेवारीतील सर्वांत खालचा आकडा आहे. आता ‘पंधरा वर्षांतील नीचांक’ अशी नवी बातमी फिरते आहे आणि काही सदस्य नोव्हेंबरच्या ‘७१ वर्षां’शी तिची तुलना करून थंडी कमी झाली असा निष्कर्ष काढत आहेत. नोव्हेंबरचा आकडा तीस रात्रींच्या सरासरीचा होता, हा एकाच रात्रीचा आहे. दोघांची तुलना करायचीच असेल तर २३ नोव्हेंबरची रात्र घ्यावी. ती नोव्हेंबरपुरती १७ वर्षांतील नीचांकी होती, म्हणजे दोन्ही रात्री साधारण एकाच पंक्तीत बसतात.

दुसरी बातमी अशी की, हवामान विभागाच्या वार्षिक निवेदनानुसार २०२० हे वर्ष भारतासाठी १९०१ पासून तोवरचे आठवे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. सरासरीपेक्षा ०.२९ अंश अधिक.

---

प्रतिसाद : शंकेखोर

मग आमच्या एका स्नेह्यांनी पाठवलेला ‘दिल्लीचा विक्रम उणे २.२’ हा संदेश कोठला? आपण तर उणे ०.६ म्हणता.

---

सिमला ऑफिसच्या शेजारी

@शंकेखोर, तो पालमचा आकडा आहे, ११ जानेवारी १९६७ चा. पालम हे विमानतळावरचे वेगळे केंद्र असून त्याची मालिका वेगळी आहे. दिल्लीत लोधी रोड, रिज, आयानगर अशी आणखीही केंद्रे आहेत आणि एकाच पहाटे त्यांच्यात एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो. जुन्या काळाशी तुलना करताना सफदरजंग घेतात ते त्याची मालिका लांब असल्यामुळे. आपल्या स्नेह्यांना केंद्राचे नाव विचारावे. त्यांनी यंदाचा आकडाही पालमचाच घेतला असेल तर तुलना चालेल.